परत पाठवलेली बाटली : चंदगडच्या काजू-वायनरीत चार दिवस

चंदगडकडं एकदा जाऊन या आणि लिहा, असं दोन-तीन वाचक बरेच दिवस कळवत होते. मी टाळत होतो. पाऊस फार असतो, सुट्टी मिळत नाही, रस्त्याचं काम चालू आहे, अशी कारणं देत होतो. खरं कारण एवढंच की चंदगड तालुक्यात माझी सख्खी थोरली बहीण राहते आणि अकरा वर्षं मी तिच्या घरी गेलो नव्हतो.

आमचं गाव कागल तालुक्यातलं. नोकरीमुळं मी कोल्हापुरात असतो, पण चैत्रातली ग्रामदेवीची जत्रा कधी चुकवलेली नाही. आमच्याकडं पहिल्या हाताचं देवीला द्यायची रीत आहे. गुऱ्हाळाची पहिली ढेप, व्यालेल्या म्हशीचं पहिलं दूध, नव्या टेम्पोची किल्लीसुद्धा आधी देवीपुढं जाते आणि मग घरी येते. आक्कानं आणि दाजींनी, म्हणजे तिच्या नवऱ्यानं, काजूच्या बोंडांची वाइन करायला घेतली. वर्षभर ठेवून पहिली बाटली भरली, तेव्हा आक्कानं ती जत्रेच्या दिवशी एस.टी.नं पाठवली. कागल स्टँडवर कंडक्टरकडून मी पार्सल घेतलं. आत हिरव्या खणात गुंडाळलेली, हळद-कुंकू लावलेली बाटली होती. मी कंडक्टरला विचारलं, गाडी आज परत जाणार का. तो हो म्हणाला. बाटली मी त्याच खणात बांधून त्याच्या हातात परत दिली आणि आक्काला फोन लावला. देवीच्या दारात दारू पाठवतेस, आता तुझ्या घरचं पाणीसुद्धा पिणार नाही, असं म्हणालो. तिकडून ‘बरं’ एवढंच आलं. आई-वडील त्याआधीच गेले होते. त्यामुळं तिचं माहेर म्हणजे मीच होतो. त्यानंतर ती गावाकडं आली नाही.

यंदा जत्रेआधी देऊळ धुवायला गावी गेलो होतो. जुने गुरव आबा दोन वर्षांपूर्वी वारले. त्यांचा मुलगा पोरवयापासून इचलकरंजीत यंत्रमागावर होता, तो आता पूजा बघतो. बादली भरता भरता तो म्हणाला, “एक इचारायचं ऱ्हायलंच बघा. आबा सांगायचं, एका जत्रंला चंदगडास्नं तुमच्या आक्काची पयली बाटली येणार हुती. आबा दुपारपतोर देवळात बसून हुतं. ती आलीच न्हाय म्हणं. काय झालतं?”

मी विचारलं, “बाटली येणार हे आबांना कुणी सांगितलं?”

“आक्कांनीच की. फोन करून इचारलं हुतं, देवीला चालंल का म्हणून. आबा म्हणालं, पयल्या हाताचं हाय न्हवं, मग न चालाय काय झालं. संभा आणून दील, असं म्हणाल्या हुत्या.”

संभा म्हणजे मी. ज्यांना विचारायचं त्यांना ती विचारून बसली होती. मी कुणालाच विचारलं नव्हतं, आबांना नाही आणि देवीलाही नाही.

आक्काला फोन करायचं धाडस होईना. मग वायनरीच्या वेबसाइटवर जाऊन रविवारची साडेअकराची टूर बुक केली. माणशी साडेतीनशे रुपये, त्यात कारखाना बघणं आणि पाच प्रकार चाखणं. जेवण दोनशे रुपये वेगळे. एकवीस वर्षं पूर्ण असल्याचं ओळखपत्र सोबत ठेवा. जत्रा मंगळवारी होती. त्याआधी जाऊन आक्काची माफी मागायची, यंदाची पहिली बाटली मागून आणायची आणि स्वतःच्या हातानं देवीपुढं ठेवायची, असं मनाशी ठरवलं.

रविवारी सकाळी सहाला मोटरसायकल काढली. कागल, निपाणी आणि संकेश्वरपर्यंत महामार्ग आहे, रस्त्याबद्दल तक्रार नाही. कागलच्या स्टँडसमोरून जाताना मी मान वळवली नाही. संकेश्वरला महामार्ग सोडून गडहिंग्लजला आलो. तिथं मिसळ आणि चहा घेतला, नव्वद रुपये झाले. पुढं खाण्याची ठिकाणं विरळ आहेत, तेव्हा इथंच पोट भरून घ्यावं. नेसरी ओलांडली की उसाची शेतं मागं पडतात आणि डोंगरउतारावर काजू सुरू होतात. त्या दिवसांत रस्त्यालाच एक आंबूस-गोड वास येतो. तो झाडाखाली पडलेल्या बोंडांचा. बी काढून घेतली की बोंड पूर्वी तसंच सडून जायचं. चंदगडच्या पुढं तिलारीच्या रस्त्यानं दहा-बारा किलोमीटर गेल्यावर डावीकडं पाटी दिसते. शेवटचा दीड किलोमीटर तांबड्या मातीचा आहे. गाडी लहान असेल तर जपून. मोबाइलला तिथं रेंज येते-जाते. सव्वाशे किलोमीटरला, थांबत थांबत, साडेचार तास लागले.

आम्ही सातजण होतो. पुण्याचे चार मित्र, बेळगावचं एक जोडपं आणि मी. जीन्स आणि कुडता घातलेली, डोक्याला टोपी असलेली एक मुलगी पुढं आली. “मी स्नेहल. हे आमचं घरचंच युनिट आहे. आई, बाबा, मी आणि हंगामापुरत्या गावातल्या आठ बायका.” तिनं यादीतली नावं वाचली. माझ्या नावाशी ती अडखळली नाही. ही माझी भाची. मी शेवटचं पाहिलं तेव्हा बारा वर्षांची होती. “काका, तुम्ही एकटेच?” असं तिनं विचारलं. एकटाच, म्हणालो. ओळखलं नाही, असं मला वाटलं, आणि जरा बरंही वाटलं.

टाक्यांच्या खोलीत चपला बाहेर काढून जावं लागतं. स्टीलच्या सहा टाक्या होत्या. एकीच्या वरच्या नळीतून पाण्यात बुडबुडे येत होते.

बेळगावचे गृहस्थ म्हणाले, “म्हणजे ही फेणीच की.”

“नाही काका. फेणीला भट्टी लागते. उकळायचं, वाफ धरायची. आमच्याकडं चूल पेटतच नाही. रस आंबतो, मुरतो, आम्ही गाळतो. झालं.”

“मग मला चालंल,” त्यांची बायको म्हणाली.

“तुला काय, फुकटचं काय बी चालतंय.”

“फुकटचं कुठलं, साडेतीनशे दिलेत मी माझ्या पर्समधनं.”

सगळे हसले. मी हसलो नाही, कारण मी एका ज्युनिअर कॉलेजात रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेत सहायक आहे. साखरेच्या पाण्यात यीस्ट घालून ठेवायचं आणि त्यातून निघालेल्या वायूनं चुन्याची निवळी दुधाळ होते ते मुलांना दाखवायचं, याची मांडामांड दरवर्षी मीच करतो. आंबवणं वेगळं आणि भट्टी लावून दारू काढणं वेगळं, हे मला ती मुलगी जन्मायच्या आधीपासून माहीत होतं. त्या दिवशी स्टँडवर मात्र ‘दारू’ हा एकच शब्द तोंडात आला होता.

बोंडाच्या रसानं घसा धरतो, हे ज्यांनी झाडाखाली बसून बोंड खाल्लंय त्यांना सांगायला नको. स्नेहल म्हणाली, “ती खवखव काढायला बाबांनी नाना पावडरी आणून बघितल्या. काही जमेना. शेवटी आईनं तांदळाची पेज ओतली रसात. पेज खाली बसताना सगळा गढूळपणा ओढून नेते, वर निवळ रस राहतो. आजही तसंच करतो. दुपारी जेवणात जी पेज मिळेल ती त्याच पातेल्यातली समजा.” पुण्याच्या मुलांनी पातेल्याचे फोटो काढले.

चाखण्याचं टेबल अंगणातल्या मोठ्या जांभळाखाली मांडलं होतं. पाच प्रकार होते, काजूबोंडाचे तीन आणि जांभळाचे दोन. पहिला पेला भरल्यावर स्नेहल म्हणाली, “आता कुणी पिऊ नका. आमच्यात पहिला घोट झाडाला.” तिनं आपल्या पेल्यातलं थोडं बुंध्याशी ओतलं. तिथली माती काळपट झालेली होती आणि कुणीतरी कुंकवाचं बोट ओढलेलं होतं.

एका मुलानं मोबाइल वर धरला. “मस्त. ही किती जुनी परंपरा आहे?”

“अकरा वर्षांची.”

तो थोडा हिरमुसला. “एवढीच?”

“आमची पहिली बाटली आईनं तिच्या माहेरच्या देवीला पाठवली होती. ती परत आली. देवीच्या नावानं निघालेलं घरात प्यायचं नसतं, विकायचंही नसतं. मग आईनं ती या झाडाला दिली. तेव्हापासून दरसालची पहिली बाटली झाडाची, आणि पाहुण्यांचा पहिला घोटही.”

“पण परत का आली?”

“एस.टी.नं पाठवली होती,” स्नेहल म्हणाली. “एस.टी.नंच परत आली.”

पुन्हा सगळे हसले. एकेकजण पुढं होऊन बुंध्याशी ओतू लागला. माझी पाळी आली. मी वाकलो आणि पेला तसाच उपडा केला. वर बघतो तर स्नेहल शेजारी उभी होती. हळू आवाजात म्हणाली, “मामा, थोडं ओतायचं असतं. सगळं नाही.”

मग म्हणाली, “आई दाबाच्या शेडमध्ये आहे. तिला बुकिंग आल्या दिवशीच सांगितलंय.”

शेड घराच्या मागं आहे. आठ बायका खाली बसून बोंडं पिळवटून बिया वेगळ्या करत होत्या. आक्का हाताच्या दाबयंत्राजवळ उभी होती. केस पांढरे झालेत. हात कोपरापर्यंत तपकिरी, बोंडाच्या रसाचा तो रंग लवकर जात नाही. तिनं एकदा माझ्याकडं बघितलं आणि पुन्हा दांडा फिरवू लागली.

“आलास.”

“आलो.”

“किती घेतलं पोरीनं?”

“साडेतीनशे.”

“भणीच्या दारात तिकीट काढून आल्याला पयलाच भाऊ बघाय मिळाला,” ती बायकांना म्हणाली. बायका तोंडाला पदर लावून हसल्या. मी उभाच होतो. बऱ्याच वेळानं ती म्हणाली, “नुसता उभा का? ती क्रेट वड हिकडं.”

मी क्रेट ओढली. तेवढ्यात दाजी आले. मुळात कमी बोलणारा माणूस. हातात तांब्या होता, तो त्यांनी माझ्यापुढं धरला.

“पाणी हिरीचं हाय,” आक्का दांडा न सोडता म्हणाली. “टाकीतलं न्हाय.”

मी तांब्या रिकामा केला.

आक्काला जेवायला तीन वाजले. हंगामात रोजच वाजतात. ओसरीवर ती पेज पीत होती तेव्हा मी गुरवाचं बोलणं सांगितलं.

“आबांनी सांगितलं व्हय तुला?”

“मुलानं सांगितलं. आबा गेले की.”

तिनं वाटी खाली ठेवली. “कवा?”

“दोन वर्षं झाली.”

“मला कुणी सांगितलं न्हाय,” ती म्हणाली. थोड्या वेळानं पुन्हा म्हणाली, “कोण सांगणार म्हणा.”

मी म्हणालो, “आक्का, चुकलं माझं. पण त्या वर्षी तू स्वतः घेऊन आली असतीस तर मी काय तुला स्टँडवरनं परत पाठवलं असतं?”

तिनं शेडकडं बोट केलं. “ती बोंडं दिसत्यात न्हवं? आज पडल्याली आज दाबली न्हाईत तर उद्या सडत्यात. जत्रा चैत्रात, बोंडंबी चैत्रात. मला निघता येईना, म्हणून ती धाडली.”

अकरा वर्षं मी उलटं धरून बसलो होतो. यायला हिला सवड नाही, बाटली पाठवायला आहे, असं.

मी यंदाची पहिली बाटली मागितली. म्हणालो, मी स्वतः देवीपुढं ठेवतो.

“ती गेली की. पाडव्याला झाडाला दिली.”

“मग दुसरी दे.”

“दुसरी पयली हुती व्हय?” ती म्हणाली. तिच्या आवाजात राग नव्हता. राग असता तर मला काहीतरी बोलता आलं असतं. “आन कुणाच्या हातात दिऊ? ठेवतो म्हणाल्यालं माणूस गेलं.”

मग मी म्हणालो, “तू तरी ये. परवा जत्रा आहे. तुझ्या जागी मी थांबतो इथं.”

त्या दिवसात ती पहिल्यांदा हसली. “तू? बोंडं दाबणार? आन जत्रा?”

“दाबतो. जत्रा राहू दे.”

“जा की,” दाजी म्हणाले. “एका दिसानं काय बुडत न्हाय.”

आक्का ‘बघू’ म्हणाली आणि उठून शेडमध्ये गेली.

कॉलेजला फोन करून तीन दिवसांची रजा घेतली. (वायनरीत राहायची सोय नाही, मी घरचा म्हणून राहिलो. तुम्ही चंदगडला लॉज बघा.) सोमवारभर आक्कानं मला शिकवलं. तडकलेलं बोंड बाजूला काढायचं. बी पिळवटून काढायची, ओढायची नाही. बियांच्या तेलानं कातडी भाजते, म्हणून हाताला आधी खोबरेल लावायचं. दाब एकदम द्यायचा नाही, दिला तर साल फुटून रस तुरट होतो. “तुमच्या कॉलेजच्या बाटल्यांतल्या औषधावानी घाई करू नगंस,” असं दोनदा ऐकून घेतलं. संध्याकाळी ती काही न बोलता एका पिशवीत नारळ, खण, तांदूळ आणि गूळ भरू लागली, तेव्हा मला कळलं की ती जाणार आहे. बाटली तिनं घेतली नाही.

मंगळवारी सकाळी पावणेसहाच्या कोल्हापूर गाडीला दाजींनी तिला सोडलं. कागलला उतरून पुढं वडापची जीप मिळते. मी आंघोळ करून, देवीचं नाव घेऊन शेडमध्ये गेलो. जाणत्या वयात चुकलेली माझी ही पहिली जत्रा. बाराच्या सुमारास गावात आरती असते. त्या वेळी दांडा थांबवावा असं वाटलं, पण रस यायला लागला होता आणि मध्येच सोडून चालत नाही. मग दाबता दाबताच मनातल्या मनात आरती म्हटली. ती देवीला पोचली का, हे विचारायचा हक्क मी केव्हाच घालवलाय. दिवसभर दाबयंत्र, क्रेट आणि पिंपं यांच्यातच होतो. गंगू नावाची म्हातारी बाई मला म्हणाली, “मामा, कोपरं पोटाशी घ्या की, न्हायतर उद्या जेवताना घास वर जायचा न्हाय.” ते खरं ठरलं.

आक्का सातला परतली.

“झाली जत्रा?”

“झाली. गर्दी लई.”

“गुरव भेटला?”

“बघितला की.”

“मग? काय म्हणाला?”

ती क्रेटांच्या थप्पीकडं गेली. “एवढीच दाबलीस? गंगू एकटी दुपारपतोर एवढी काढती.” मग चेहऱ्यावर पाणी मारून लुगड्याचा ओचा खोवला आणि उरलेली बोंडं दाबायला उभी राहिली. मी शेजारी उभा राहून क्रेट सरकवत राहिलो.

बुधवारी सकाळी निघालो. आक्कानं काजूची पिशवी दिली. “आता येताना बुकिंग करू नगंस,” एवढं म्हणाली. भाऊबीजेला ये म्हणाली नाही, आणि मीही विचारलं नाही. आजऱ्यावरून परत आलो. तो रस्ता वळणांचा पण सावलीचा आहे, उन्हाळ्यात तोच घ्यावा.

जाणाऱ्यांसाठी थोडक्यात सांगतो. मार्च ते मे बोंडांचा हंगाम असतो आणि तेव्हाच दाब चालू दिसतो. जांभळाचं काम जूनमध्ये, पण पाऊस लागला की तांबड्या रस्त्यावर गाडी घालू नये. जेवण नक्की घ्या. पेज, काजूची उसळ, लाल भात, दोनशेत पोट भरतं. वाइन कशी लागते हे मी सांगू शकत नाही, कारण मी चाखली नाही. आयुष्यभराचं व्रत आहे, ते मोडावंसं वाटलं नाही आणि आक्कानंही तसं म्हटलं नाही. बेळगावच्या बाईंनी तीन बाटल्या नेल्या, यावरून काय ते समजा.

घरी येऊन चार दिवस झाले होते. हाताचा तपकिरी रंग थोडा उतरला होता. कॉलेजात मुलं विचारत होती, सर, मेंदी काढली काय. मी स्वतःचीच समजूत घालत होतो की उशिरा का होईना, आक्का देवीपुढं जाऊन आली. तेवढं तरी माझ्या हातून झालं.

काल गुरवाचा फोन आला. जत्रेला मी दिसलो नाही, म्हणून चौकशी करत होता. काम होतं, म्हणालो. मग तो म्हणाला, “त्या दिशी एक बाई आल्ती. इतकी गर्दी, पर नजरंत भरली. हात पार कोपरापतोर रंगल्यालं. मी इचारलं, कुठलं पावणं. चंदगडची, म्हणाली. तुमच्या आक्कांच्या तिकडची असंल. वळख हाय काय तुमची?”

“माझी आक्काच ती,” मी म्हणालो.



“आन मग बोलली का न्हाय? आमच्यात माहेरवाशिणीला रांग नस्ती वो. डाव्या दारानं सरळ आत घेतो, पयली ओटी तिची. ही बाई परगावच्या रांगंत दोन तास उन्हात उभी हुती. माहेरवाशिणीचं दार येगळं अस्तंय, हे तिला म्हाईत न्हवतं व्हय?”

“माहीत होतं,” मी म्हणालो.